पदवी पर्यावरणाची, जागा कुणाची?

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक वस्तू हमखास मिळते. ‘ईव्हीएस’चा तयार प्रकल्प. वरचे पान तेवढे बदलायचे, आपले नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा, स्पायरल बाइंडिंग करायचे आणि द्यायचा. आत एखाद्या नदीच्या प्रदूषणाची माहिती असते. बहुतेक वेळा ती नदी प्रकल्प देणाऱ्याने कधी पाहिलेलीही नसते. तपासणारे शिक्षकही हे जाणून असतात, कारण गेल्या वर्षीही त्यांच्यासमोर तीच नदी आलेली असते.

हा विषय सर्व शाखांच्या पदवीला सक्तीचा झाला तो काही विद्यापीठांना अचानक निसर्गप्रेमाचे भरते आले म्हणून नव्हे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. पुढची बारा वर्षे फारसे काही हलले नाही, तेव्हा न्यायालयाला २००३ मध्ये पुन्हा कान पिळावा लागला. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरूचा यांनी लिहिले. भरूचा हे मूळचे शल्यचिकित्सक. एका डॉक्टराने हे पुस्तक लिहावे यात औचित्य होते, पण ते पुस्तक फार थोड्यांनी उघडले.

आपल्याकडे बहुतेक घरांची पर्यावरणशास्त्राशी ओळख आहे ती या फाइलपुरती. त्यामुळे बारावीच्या निकालानंतर एखादी मुलगी ‘मला याच विषयात बी.एस्सी. करायचे आहे’ असे म्हणाली, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे झाडे लावायची का?’ आणि दुसरा, ‘नोकरी कुठे मिळणार?’ पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येईल. दुसरा रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रवेशाच्या माहितीपत्रकांत मिळत नाही. तिथे पवनचक्कीचे चित्र आणि ‘अमर्याद संधी’ एवढेच असते. खरे उत्तर थोडे अवघड आहे. काम भरपूर आहे. पण त्या कामाच्या जागेवर या पदवीचे नाव लिहिलेले आहे असे मात्र बऱ्याचदा नाही.

आधी काम कुठून आले ते पाहू. ते निसर्गप्रेमातून आलेले नाही, कायद्यातून आले आहे. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये राज्याचे मंडळ स्थापन झाले. देशाचा जल कायदा आला १९७४ मध्ये. त्यानंतर १९८१ चा वायू कायदा. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले आणि त्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अट १९९४ च्या अधिसूचनेने घातली, २००६ मध्ये तिचे आजचे रूप ठरले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा. त्याचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात बसते. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पाणी तपासायचे, कुणीतरी हवा मोजायची, कुणीतरी अहवाल लिहायचा आणि कुणीतरी तो खरा की खोटा हे पाहायचे, अशी माणसांची गरज तयार झाली. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याला संमतीपत्र लागते, सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा ‘ईटीपी’ चालवावा लागतो, ठरावीक काळाने नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्यावे लागतात. रुग्णालयांच्या कचऱ्याचे नियम वेगळे, शहरांच्या घनकचऱ्याचे वेगळे. पर्यावरणशास्त्राच्या बहुसंख्य पदवीधरांची पहिली नोकरी याच साखळीत कुठेतरी लागते. प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून, सल्लागार संस्थेत नमुने गोळा करणारा म्हणून, नाहीतर कारखान्याच्या ‘ईएचएस’ विभागात, म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षितता या तिन्हींचा भार एकट्याने वाहणारा म्हणून. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, फिरती खूप असते, आणि पहिल्या वर्षी वाघ काही दिसत नाही.

या पहिल्या नोकरीकडे थोडे जवळून पाहायला हवे, कारण या पेशाचे सगळे मर्म तिथेच आहे.

समजा एखाद्या प्रकल्पासाठी आघात मूल्यांकन सुरू आहे. साधारणपणे दहा किलोमीटरच्या परिघात, पावसाळा वगळून एका हंगामाची, म्हणजे तीनेक महिन्यांची, हवा-पाणी-मातीची मूळ स्थिती नोंदवायची असते. हवेसाठी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चोवीस तास. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर यंत्र चढवतो, शिपायाकडून वायर ओढून घेतो, आधीच वजन करून आणलेला फिल्टर बसवतो आणि बटण दाबतो. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ मोजणारे यंत्र मिनिटाला साधारण १६.७ लिटर हवा ओढते. चोवीस तासांत ती २४ घनमीटर होते. देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हवा बरोबर मर्यादेवर असेल, तर दिवसभरात त्या फिल्टरवर जमा होते जेमतेम दीड मिलिग्रॅम धूळ. मिठाचे काही कण, एवढेच. त्या दीड मिलिग्रॅमच्या वजनावर प्रकल्पाचा, आणि गावाच्या हवेचाही, पुढचा हिशेब अवलंबून असतो.

आता रात्री वीज गेली. आपल्याकडे ती जातेच. आठ तास यंत्र बंद राहिले, सकाळी पुन्हा सुरू झाले. ओढलेली हवा २४ ऐवजी १६ घनमीटर. फिल्टरवर धूळ सापडली १४४० मायक्रोग्रॅम. खरा भागाकार १६ ने करायला हवा. उत्तर येते ९०, मर्यादेच्या दीडपट. पण तक्त्यात ‘२४ तास’ आधीच छापलेले असते. २४ ने भागले की उत्तर येते ६०. हवा कागदावर नेमकी मर्यादेत बसते. यंत्रावर किती तास चालले याचा आकडा असतो. तो वहीत उतरवायचा की नाही, हे गच्चीवरच्या त्या मुलाच्या हातात. त्याच्या वरिष्ठाला अहवाल महिन्याअखेर हवा आहे, फेरनमुना घ्यायचा तर गाडीचा खर्च आहे, आणि कंपनीचे बिल प्रकल्पवालाच भरणार आहे. यात कुणी लाच देत नाही, कुणी धमकावत नाही. एक रकाना भरायचा राहतो, एवढेच.

वैद्यकशास्त्रात रक्ततपासणीचा आकडा असा ‘बसवला’ तर रुग्णाला त्रास होईल हे कुणालाही कळते. इथला रुग्ण गाव आहे आणि तो तक्रार घेऊन दवाखान्यात येईपर्यंत दहा वर्षे जातात. देशाची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा २००९ पासून ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली वार्षिक शिफारस ५ वर आणली. म्हणजे आपण ज्या मर्यादेत ‘बसतो’, तीच आरोग्याच्या दृष्टीने सैल आहे. तिच्यात बसण्यासाठीही भागाकार वाकवावा लागत असेल, तर दमेकऱ्याला इनहेलर लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हातात काय उरते?

अहवाल कसे लिहिले जातात याचा नमुना कोकणाने पाहिलेला आहे. २००७ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या मूल्यांकन अहवालात रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आढळला होता. कोकणातल्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च या बर्फाळ प्रदेशातल्या झाडांच्या जंगलांचा उल्लेख त्यात होता. वाचून हसू येते. पण महाविद्यालयात ‘ईव्हीएस’ची तयार फाइल विकत घेण्याची सवय आणि हा अहवाल यांत फरक आहे तो रकमेचा. नंतरच्या काळात सल्लागार संस्थांना भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मान्यतेची अट आली. कोणत्या तज्ज्ञाने हवेचा भाग पाहिला, कोणी जैवविविधतेचा, कोणी भूजलाचा, हे नावानिशी द्यावे लागते. ही चांगली सुधारणा झाली. पण मूळ खोट राहिली आहे. ज्याच्या प्रकल्पाचे मूल्यांकन करायचे, तोच मूल्यांकन करणाऱ्याला पैसे देतो. स्वतंत्र निधीतून, सरकारने नेमलेल्या संस्थेकडून हे काम व्हावे अशी मागणी जुनी आहे आणि ती मान्य होईपर्यंत तरुण पदवीधराच्या प्रामाणिकपणावर आपण अवाजवी भार टाकत राहणार आहोत.

या साखळीत मराठीलाही काम आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. बहुतेक मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. पूर्ण अहवाल मात्र शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. तो सारांश ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे की त्यातले मराठी कोणत्याही गावात बोलले जात नाही. ‘प्रकल्प प्रस्तावकाद्वारे शमन उपाययोजना अवलंबिल्या जातील’ हे वाक्य वाचून आपल्या विहिरीचे काय होणार, हे कोणत्या शेतकऱ्याला कळेल? २०२० मध्ये आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तेव्हा तो भारतीय भाषांत उपलब्ध करून द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. विज्ञान कळते आणि मराठीही येते अशी माणसे या क्षेत्राला हवी आहेत. विद्यापीठांचे पर्यावरणशास्त्र विभाग आणि मराठी विभाग एकाच आवारात असूनही त्यांची गाठ पडत नाही.

आता पदवीच्या नावाकडे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय वनसेवा परीक्षा हे अनेक मुलांचे स्वप्न असते, आणि पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत तर ते हमखास. या परीक्षेसाठी पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक तरी विषय असावा लागतो, नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी. यादी पुन्हा वाचावी. गणिताचा पदवीधर चालतो, यंत्र अभियंता चालतो. पर्यावरणशास्त्राचे नाव नाही. पूर्वपरीक्षेत पर्यावरणावर प्रश्नांचा पाऊस पडतो, तो भाग वेगळा. तीन वर्षे पर्यावरणशास्त्र शिकून अर्ज भरताना हे समजलेल्या मुलाची अवस्था काय होत असेल याचा विचार यादी करणाऱ्यांनी कधी केलेला दिसत नाही. या यादीत बदल करायला नवा कायदा लागत नाही, परीक्षेचे नियम दुरुस्त केले की पुरे. महाराष्ट्रातल्या खासदारांनी हा साधा प्रश्न संसदेत विचारावा, अशी आमची मागणी आहे.

घरचीही गोष्ट तशीच. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आहे. तो शिकवतो कोण? ज्याचा कार्यभार कमी पडतो तो. कधी भूगोलाचे सर, कधी जीवशास्त्राच्या मॅडम, कधी आणखी कुणी. विषय सक्तीचा आणि त्या विषयाचा पदवीधर शिक्षक मात्र अपवादाने, ही किमया आपल्याच शिक्षणखात्याला जमते. महानगरपालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. तोही बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या संस्थेकडून लिहून घेतला जातो, कारण पालिकेत तो लिहिणारे कायम पदावरचे कुणी नसते. प्रदूषण मंडळांची कथा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. मंडळांच्या सदस्यांची पात्रता राज्यांनी नियमांनी ठरवावी असे न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, आणि दिल्लीच्या हवेच्या खटल्यात आसपासच्या राज्यांच्या मंडळांतली रिक्त पदे भरा, असेही वारंवार बजावले. आपल्या मंडळातही मंजूर पदे आणि प्रत्यक्ष माणसे यांत अंतर राहत आले आहे. एकेका क्षेत्र अधिकाऱ्याच्या वाट्याला इतके कारखाने येतात की वर्षातून एकदा फाटकापर्यंत पोहोचला तरी खूप. एकीकडे बेकार पदवीधर आणि दुसरीकडे रिकाम्या खुर्च्या, आणि मधल्या जागेत नदीवर फेस.

मग मुलांनी हा विषय घ्यावा की नाही? आमच्या मते घ्यावा, पण एकटा घेऊ नये. पर्यावरणशास्त्राची एक अडचण अशी की ते सगळ्या विज्ञानांना स्पर्श करते आणि त्यामुळे पदवीला कशाचाच तळ लागत नाही. ओझोन, वाळवंटीकरण, जैवविविधता, शाश्वत विकास असे सगळे थोडे थोडे. नोकरी देणारा मात्र विचारतो की बीओडी काढता येतो का. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र यांपैकी एक विषय पदवीत घट्ट धरून ठेवावा. वनसेवेची दारेही त्यानेच उघडतात. पदव्युत्तर पातळीवर पर्यावरणाकडे वळायला मग जागा भरपूर आहेत. पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, जळगावचे विद्यापीठ यांत या विषयाचे विभाग आहेत, मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून या विषयाची वेगळी प्रश्नपत्रिका आली. नागपूरची ‘नीरी’ ही देशातली या क्षेत्रातली जुनी राष्ट्रीय संस्था, १९५८ पासूनची. हवामानाकडे ओढा असेल तर पुण्यात आयआयटीएम आहे, वन्यजीवांकडे असेल तर डेहराडूनची वन्यजीव संस्था. डॉ. माधव गाडगीळ यांचे उदाहरण घ्यावे. फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र, मुंबईत प्राणिशास्त्र, आणि हार्वर्डला जाऊन गणिताच्या अंगाने परिसरशास्त्र. पश्चिम घाटाचा २०११ चा अहवाल ज्या अधिकाराने लिहिला गेला, त्याच्या मुळाशी ती पक्की बैठक होती. त्या अहवालाचे पुढे काय झाले, तो विषय निराळा.

गेल्या काही वर्षांत कारखान्याच्या गोदामापासून मुख्य कचेरीपर्यंत एक नवे काम पोहोचले आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना ‘सेबी’ने २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालाच्या आयातीवर कार्बनचा हिशेब मागायला ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केली. त्यामुळे एरवी पर्यावरण विभागाला तळमजल्यावरची खोली देणाऱ्या कंपन्या आता ‘कार्बनचे आकडे कळणारे माणूस’ शोधत आहेत. इथे पगार बरे आहेत. धोका एवढाच की वातानुकूलित खोलीत बसून तक्ते भरणाऱ्याला गच्चीवरची वीज गेली होती हे कधी कळतच नाही.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर सगळ्यात मोठी पोकळी वेगळ्याच ठिकाणी आहे. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघात टाळण्याचा शहर आराखडा केला. आता असे आराखडे विदर्भातल्या शहरांतही लागतात. हवामान बदल आणि मानवी आरोग्य यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. पण तापमानाची नोंद एका खात्याकडे, हवेची दुसऱ्याकडे, पाण्याची तिसऱ्याकडे आणि आजारांची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातली हवा आणि तिथल्या दवाखान्यांतले श्वसनाचे रुग्ण हे दोन तक्ते शेजारी ठेवून वाचू शकेल असा माणूस जिल्ह्याच्या यंत्रणेत क्वचितच सापडतो. डॉक्टरांना त्यासाठी वेळ नाही, मंडळाकडे रुग्णांचे आकडे नाहीत. पर्यावरणशास्त्र शिकलेल्याने वर सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, थोडे संख्याशास्त्र पक्के केले, तर हे काम त्याचेच आहे. प्रत्येक जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात असे एक पद निर्माण करायला सरकारला फार खर्च येणार नाही.

आणि ज्यांच्या घरी या जूनमध्ये निर्णय व्हायचा आहे त्यांनी एक करावे. महाविद्यालयाचे माहितीपत्रक बाजूला ठेवून थेट प्रयोगशाळेत जावे. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. त्यासाठीचा इन्क्युबेटर चालू आहे का, हे हात लावून पाहावे. त्याची नोंदवही मागावी. शेवटची नोंद कुठल्या महिन्यातली आहे, नमुना कुठल्या नाल्याचा होता, आणि आकड्यांत कुठे खाडाखोड केलेली दिसते का, ते बघावे. खाडाखोड दिसली तर घाबरू नये. जिथे मुले स्वतः मोजतात तिथे चुका होतात आणि दुरुस्तही होतात. सगळ्या पानांवर एकसारखे गोल आकडे दिसले, तर मात्र दुसरे महाविद्यालय शोधावे.